सोलापुरात राहून नवीन सिनेमांचे रिव्ह्यू आणि मुलाखती कशा करायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला सोलापूरचा मुलगा, त्याला दर शुक्रवारी येणाऱ्या नवीन सिनेमांचे रिव्ह्यू करायचेत, जमलं तर दिग्दर्शक-कलाकारांच्या मुलाखतीही घ्यायच्यात, पण प्रीमियर आणि प्रेस शो मुंबई-पुण्यात होतात, इथं काही होत नाही, मग सुरुवात कशी करायची, आणि सिनेमा आवडला नाही असं खरं लिहिलं तर पुढं मुलाखत कोण देणार? मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि सोलापूर न सोडता करतोय, त्यामुळं उत्तर लांबलं तरी नीट सांगतो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीचं सगळं त्यावर उभंय. रिव्ह्यू आणि मुलाखत ही दोन वेगळी कामं आहेत. रिव्ह्यू तिकीट काढणाऱ्यासाठी असतो, त्याला ठरवायचंय की घरच्यांना घेऊन जाऊ का नको. मुलाखत ही काम कसं झालं ते समजून घेण्यासाठी असते. या दोन्हीची सरमिसळ झाली की दोन्ही वाया जातात. म्हणून माझा एकच नियम आहे, सिनेमा बघितला की आधी रिव्ह्यू लिहून टाकायचा, लोकांसमोर ठेवायचा, आणि सविस्तर मुलाखत त्याच्यानंतर. उलटं केलं की काय होतं, समोरचा माणूस चांगला निघतो, चहा पाजतो, घर गहाण ठेवून सिनेमा केलाय हे सांगतो, आणि मग लिहायला बसलं की हात आखडतो. त्याचं कर्ज खरंच असतं रे, मला त्याबद्दल वाईटही वाटतं, पण शनिवारी बायको-पोरांना घेऊन पाच तिकिटं काढणाऱ्या माणसाचा त्या कर्जाशी काही संबंध नसतो, त्याला सिनेमा कसाय ते कळलं पाहिजे.

आता प्रेस शो नाही म्हणून जी खंत आहे ती आधी डोक्यातून काढ. प्रेस शोला निम्मी लोकं टीमची असतात, टाळ्या त्यांच्याच, दिग्दर्शक दारात उभा राहून चेहरे वाचत असतो. तू शुक्रवारचा पहिला शो स्वतःच्या पैशाने, सोलापूरच्या पब्लिकमध्ये बसून बघ. कुठं हसले, कुठं मोबाईल निघाले, इंटरव्हलनंतर किती जणांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, हे सगळं तुझ्या रिव्ह्यूत येऊ शकतं आणि मुंबईच्या प्रिव्ह्यू थिएटरात बसलेल्याच्या रिव्ह्यूत ते येऊच शकत नाही. फक्त एक भान ठेव, पब्लिक हसलं म्हणून सीन चांगला होत नाही आणि गप्प बसलं म्हणून वाईट होत नाही, तुझं मत वेगळं लिही आणि पब्लिकचं वेगळं.

शोच्या आधी दहा मिनिटं पोच. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं ना, लोक तेव्हा पॉपकॉर्न आणत असतात, तू ते वाच. त्यावर सिनेमाची भाषा, लांबी, निर्माता आणि सर्टिफिकेटची तारीख असते. तारीख रिलीजच्या दोन-तीन वर्षं आधीची असली तर समजायचं की सिनेमा डब्यात पडून होता, आणि तो का अडकला, पैसे संपले का वितरक मिळाला नाही, हा मुलाखतीतला तुझा पहिला प्रश्न तिथंच तयार झाला. प्रमाणपत्राचा प्रकारही बघ. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर यूए मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे भाग झालेत, आपल्याकडं पोरांना सोबत नेणारे खूप असतात, त्यांना या एका ओळीचा तुझ्या सगळ्या रिव्ह्यूपेक्षा जास्त उपयोग होतो.

नोट्स मोबाईलवर घेऊ नको, मागच्याला त्रास होतो. खिशात मावणारी वही, मोठं अक्षर, एका ओळीत एकदोन शब्द. इंटरव्हलला बाहेर येऊन तेवढ्यावरनं सविस्तर लिहून काढायचं, कारण उत्तरार्ध सुरू झाला की पूर्वार्धाबद्दलचं मत बदलायला लागतं आणि ते मुळात काय होतं तेच आठवत नाही. आणि पडद्याचा फोटो, व्हिडिओ, टायटलची पाच सेकंदाची स्टोरी, यातलं काही म्हणजे काही करायचं नाही. त्याच २०२३ च्या दुरुस्तीनं थिएटरात सिनेमा रेकॉर्ड करणं आणि तो पसरवणं यासाठी ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड ठेवलाय, दंड वाढून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुला दृश्य दाखवायचंच असेल तर निर्मात्यांनीच सोडलेला ट्रेलर आणि फोटो असतात. समीक्षेसाठी थोडा भाग वापरायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण ती बोलण्यापुरता तुकडा घेण्यासाठी आहे, अख्खं गाणं लावून वर आपला चेहरा टाकण्यासाठी नाही.

आता रिव्ह्यूत काय लिहायचं. कथा दोन-तीन वाक्यांत, आणि ट्रेलरमध्ये जेवढं उघडं केलंय त्याच्या फार पुढं जायचं नाही. बाकीची जागा कारणांसाठी. "पटकथा ढिसाळ आहे", "एडिटिंग क्रिस्प हवं होतं", "कॅमेरा वर्क अप्रतिम" ही वाक्यं मी पार बंद केलीत, कारण ती कुठल्याही सिनेमाला चिकटतात. त्याच्याऐवजी सीन सांग. बाप मुलीला स्टँडवर सोडायला येतो तो सीन चार मिनिटं चालतो, पण आपल्याला पहिल्या मिनिटातच कळलेलं असतं की ती परत येणार नाही, आणि पुढची तीन मिनिटं नवीन काहीच कळत नाही, असं लिहिलं की वाचणाऱ्याला तुझं म्हणणं पटो न पटो, कळतं तरी.

इथं एक गोष्ट नीट समजून घे कारण नवीन रिव्ह्यूवाले इथंच घसरतात. पडद्यावर दोष दिसला तरी तो कुणाचा ते बाहेरून कळत नाही. चादरीला भोक दिसतं, पण धागा वाइंडिंगला, म्हणजे गुंडाळताना, तुटला का मागावर हे कारखान्यातल्यालाच माहीत असतं, तसंच हे. सिनेमा रेंगाळतोय म्हणून तू एडिटरला झोडतोस, पण शूटिंगच्या दिवशी पाऊस आला, दोन शॉट घेताच आले नाहीत, एडिटरकडं कापून जायला दुसरा शॉटच नव्हता. अभिनेत्रीचा आवाज कोरडा वाटतो म्हणून तिला नावं ठेवतोस, पण ते डबिंग दुसरीनं केलेलं असतं. म्हणून रिव्ह्यूत परिणाम सांगायचा, "इथं मी कंटाळलो आणि या कारणानं", गुन्हेगार ठरवायचा नाही. गुन्हेगार, म्हणजे खरं कारण, शोधायची जागा मुलाखत.

त्याहून महत्त्वाचं, थिएटरचा दोष सिनेमाच्या माथी मारू नको. पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (हे पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड पडावा असं प्रमाण ठरलेलं आहे, पण प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की तो उतरतो, थ्रीडीच्या चष्म्यातून तर अजून कमी दिसतो, आणि आपण लिहून मोकळे होतो की रात्रीचे सीन काळे झालेत. आवाजाचंही तसंच, मिक्सिंग करणारे डॉल्बीच्या प्रोसेसरवर ७ या पातळीला ऐकून काम करतात आणि थिएटरवाला तक्रारी नकोत म्हणून बराच खाली ठेवतो, मग कुजबुजीतले संवाद जातात. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, तो एक खराब असला तर गाणी दणक्यात आणि बोलणं दबलेलं, असा प्रकार होतो. शंका आली तर त्याच पडद्यावर दुसरा एखादा सिनेमा बघून ये किंवा हाच सिनेमा दुसऱ्या थिएटरात बघ. ऑपरेटर लोकांशी ओळख ठेव, त्यांना यातलं सगळं माहीत असतं आणि त्यांना कुणी कधी विचारत नाही. सकाळचा शो अचानक रद्द झाला तर माणसं कमी होती का प्रिंट उघडायची डिजिटल किल्ली म्हणजे केडीएम वेळेत आली नाही, हेही तेच सांगतात, आणि "पहिलाच शो पडला" अशी बातमी फिरायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

सोलापूरचा रिव्ह्यूवाला म्हणून तुझ्याकडं काय आहे जे बाकीच्यांकडं नाही? कान. आपल्या एका शहरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळं रोज कानावर पडतं. गावाकडचा सिनेमा म्हटलं की बरेच जण कुठल्याच गावात न बोलली जाणारी एक गावठी भाषा ठोकून देतात, "म्या", "तुमास्नी" पेरलं की झालं. करमाळ्याकडचं बोलणं वेगळं, अक्कलकोटकडं कानडी हेल लागतो, पंढरपूर-मंगळवेढ्याचं आणखी वेगळं, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं पोरगं मराठी बोलतं त्याचा ठेका वेगळाच. हे तुला ऐकू येतं तर ते लिही. जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला आला आणि 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला, दोन्हीत गावाकडचं बोलणं घासूनपुसून गुळगुळीत न करता तसंच ठेवलंय. 'सैराट'चा उत्तरार्ध हैदराबादला जातो तिथलं तेलुगू परश्या-आर्चीला परकं आहे, महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रेक्षकांनाही परकं, पण आपल्या पूर्व भागातल्या प्रेक्षकाची ती घरची भाषा आहे, म्हणजे एकच सीन दोन पेठांत दोन प्रकारे बघितला जातो. असलं काही मुंबईत बसून सुचणार नाही. आणि तेलुगू सिनेमे आपल्याकडं थेट लागतात, गर्दीनं बघितले जातात, त्यांचे मराठीतले नीट रिव्ह्यू फारच कमी आहेत, तेलुगू कळत असेल तर तिथं हात घाल, मनापासून सांगतो.

वेळेचं बोलायचं तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रिव्ह्यू आलाच पाहिजे असं मी मोठ्या हिंदी सिनेमांना मानत नाही, त्यांचं तुझ्यावाचून काही अडत नाही. छोट्या मराठी सिनेमाला मात्र मानतो. त्याला एकच शो मिळालेला असतो, तोही दुपारी आडवेळेला, आणि शनिवार-रविवारी माणसं आली नाहीत तर पुढच्या शुक्रवारी उतरतो. सिनेमा चांगला असला तर तुझ्या त्या शुक्रवारच्या लिहिण्याचा खरोखर उपयोग होतो. वाईट असला तर? तरीही लिहायचं. "मराठी आहे म्हणून सांभाळून घ्या" हे मला पटत नाही, प्रेक्षकाचं तिकीट तेवढ्याच पैशाचं असतं, आणि दोनदा फसलेला माणूस तिसऱ्या चांगल्या मराठी सिनेमालाही जात नाही. फरक करायचा तो सुरात. पहिला सिनेमा करणाऱ्याला झोडून टाळ्या मिळवायच्या नाहीत. कुणाच्या दिसण्यावर, रंगावर, जाडीवर, जातीवर एक शब्द नाही.

पैशाचं स्पष्ट बोलू. थोडे व्ह्यूज आले की फोन येतात, रिव्ह्यू पॉझिटिव्ह ठेवा, अमुक रक्कम देतो. मला आलेत, नाही म्हटलंय, आणि त्यातल्या एका वितरकाकडनं नंतर बोलावणी बंद झाली, झाली तर झाली. रिव्ह्यूसाठी पैसे घ्यायचे नाहीत. प्रमोशनचा व्हिडिओ करायचा असेल तर तो उघडपणे जाहिरात म्हणून कर. ते तसं सांगणं बंधनकारक पण आहे, जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं इन्फ्लुएन्सर लोकांसाठी सूचना काढल्या, पैसे, फुकट वस्तू, प्रवास, राहणं, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगायचं. फुकट तिकीट घेतलं तरी मी पहिल्या ओळीत लिहितो.

आता मुलाखत. रिलीजच्या आधी टीम प्रमोशनला फिरते, सोलापुरात आली की सिद्धेश्वराचं दर्शन, एखादं कॉलेज, मग हॉटेलात पत्रकार परिषद, आणि पीआरवाला, म्हणजे सिनेमाची प्रसिद्धी बघणारा माणूस, तुला दहा मिनिटं देतो, त्यातली तीन हार-तुरे आणि सेल्फीत जातात. यात सिनेमा तू बघितलेलाच नसतो. म्हणून या वेळेकडून फार अपेक्षा ठेवू नको, दोनच प्रश्न विचार, आणि कलाकाराबरोबर आलेल्या दिग्दर्शकाला, लेखकाला बाजूला गाठून नंबर माग, सांग की सिनेमा बघून दुसऱ्या आठवड्यात फोन करतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पीआरचं काम संपलेलं असतं, माणूस घरी असतो, निकाल लागलेला असतो, आणि तुझ्या आधी कुणी सिनेमा नीट बघून प्रश्न विचारलेले नसतात. तेव्हा लोक तास-तास बोलतात. फोनवर नको असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबईत, काम करून परत.

प्रश्न कसे असावेत तर ज्याचं उत्तर फक्त त्याच माणसाला देता येईल असे. "भूमिकेबद्दल काय सांगाल", "सेटवर धमाल काय केली" यांची उत्तरं पाठ असतात. त्याऐवजी त्या स्टँडच्या सीनला विचार, कॅमेरा हातात का धरला होता? आवाज जागेवरचा सिंक साउंड आहे का नंतर डब केला, आणि डब केला तर गाड्यांचे हॉर्न कुठून आणले? कापलेला एखादा सीन ज्याचं अजून वाईट वाटतं? आणि हिरोलाच धरून बसू नको. एडिटर, साउंडवाला, कपडेपट, कास्टिंग बघणारा, प्रॉडक्शन मॅनेजर, यांना विचारणारं कुणी नसतं आणि सिनेमा कसा झाला ते यांनाच ठाऊक असतं. इथल्या गावात शूटिंग झालं असेल तर ज्यांचं घर वापरलं, गर्दीत जे उभे राहिले, त्यांच्याशी बोल, हे काम मुंबईवाला करणारच नाही. आपल्याकडची माणसं या क्षेत्रात कमी नाहीत, मंजुळे आहेत, अकलूजची रिंकू राजगुरू आहे, सोलापूरच्या हौशी रंगभूमीवरून गेलेले अतुल कुलकर्णी आहेत, पण तू थेट त्यांच्यापासून सुरुवात करू नको, इथं हुतात्मा स्मृती मंदिरात एकांकिका करून आता मालिका-सिनेमात असिस्टंट म्हणून राबणारी पोरं आहेत, त्यांना गाठ. पाच वर्षांनी तीच दिग्दर्शक होतात.

हाक कशी मारायची हा प्रश्न खूप जणांना पडतो. वयानं मोठ्यांना सर-मॅडम किंवा दादा-ताई, आणि अहो-जाहो. कॅमेऱ्याबाहेर "का बे" म्हणण्याएवढी दोस्ती असली तरी मुलाखतीत तसं बोलू नको, बघणाऱ्याला वाटतं हे दोघं आपसात बोलतायत आणि आपण बाहेर उभे आहोत.

वाईट रिव्ह्यू दिलेल्या माणसाची मुलाखत? मागायची. सरळ सांगायचं, "मी हा सिनेमा आवडला नाही असं लिहिलंय, कारणं ही, तुमची बाजू ऐकायची आहे." काही जण फोन कट करतात. पण ज्यांना आपल्या कामाबद्दल खरंच काही वाटतं ते येतात, कारण तू सीन धरून लिहिलेलं असतं आणि त्यांना त्यावर भांडायचं असतं. माझ्या चांगल्या मुलाखतींतल्या कितीतरी अशाच झाल्यात. एका दिग्दर्शकानं मला शांतपणे समजावलं की ज्या सीनला मी नावं ठेवली तो त्यानं लिहिला वेगळाच होता, पण जागेची परवानगी आयत्या वेळी नाकारली गेली आणि एका खोलीत उरकावा लागला. मी ते मुलाखतीत छापलं. रिव्ह्यू तसाच ठेवला, कारण प्रेक्षकाला पडद्यावर जे दिसतं ते तेच आहे. तथ्याची चूक असेल, नाव, तारीख, कुणी काय काम केलं, तर ती लगेच आणि सगळ्यांना दिसेल अशी दुरुस्त करायची, मत मात्र दबावाखाली बदलायचं नाही आणि रिव्ह्यू गुपचूप डिलीटही करायचा नाही.

अवघड प्रश्न मधे ठेव, शेवटी नको, शेवटी ठेवला की पीआरवाला घड्याळ दाखवतो. प्रश्न विचारला की गप्प बस, तीन-चार सेकंद शांतता गेली की समोरचा पाठ केलेल्या उत्तराच्या पुढचं बोलायला लागतो. अभिनेत्रीला लग्न, डाएट, "बोल्ड सीन घरच्यांना चालला का" हे विचारायचं नाही, तिनंही काम केलंय, कामाचं विचार. लहान कलाकार असेल तर आई-वडील समोर पाहिजेत, वेळ थोडा, आणि शाळेचे मार्क, सिनेमाचे पैसे हे विषय बंद.

"हे छापू नका" असं कुणी बोलायच्या आधी म्हणालं आणि तू हो म्हणालास तर ते छापायचं नाही, अगदी मित्रालाही सांगायचं नाही. बोलून झाल्यावर म्हणालं तर तो तुझा निर्णय, मी साधारण मान देतो, त्यात दुसऱ्या कुणावर अन्याय झाल्याचं नसेल तर. पूर्ण लेख मंजुरीला पाठवायचा नाही, फक्त नावं आणि तांत्रिक तपशील तपासून घ्यायचे. आणि लिहून काढताना माणसाचं बोलणं पुस्तकी करू नको, करमाळ्याचा माणूस करमाळ्यासारखाच बोलला पाहिजे.

सामानाचं शेवटी सांगतो कारण लोक तिथूनच सुरू करतात. कॅमेरा नको, मोबाईल पुरतो. पैसे घालायचेच तर कॉलर माइकवर घाल, चित्र जरा वाईट असलं तरी लोक बघतात, आवाज खराब असला की लगेच पुढं सरकतात. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी परवानगी विचार आणि ती परवानगी रेकॉर्डवर येऊ दे, मोबाईल फ्लाइट मोडवर टाक, दुसऱ्या मोबाईलवर नुसता आवाज घे. हॉटेलात असशील तर एसी आणि किचनपासून लांबचं टेबल बघ. पंख्याचा आवाज येत असेल तर माणूस बोलायच्या आधी नुसत्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज घेऊन ठेव, एडिटिंगला कापाकापी केली की ती जागा भरायला तोच लागतो. मूळ रेकॉर्डिंग कधी पुसू नको, दोन ठिकाणी ठेव, फाईलला सिनेमाचं नाव आणि तारीख दे, कारण वर्षा-दोन वर्षांनी "मी असं बोललोच नव्हतो" असा फोन येतो तेव्हा तेच उघडून ऐकवावं लागतं.